सोसायटीत फायबर आणताय? आधी डक्ट उघडून बघा

सोसायटीच्या मीटिंगमध्ये फायबरचा विषय निघाला की चर्चा शंभर एमबीपीएस की तीनशे, महिन्याला किती आणि राउटर फुकट का, एवढ्यावर संपते. केबल गेटपासून पाचव्या मजल्यावरच्या हॉलपर्यंत कुठून जाणार, हे कुणी विचारत नाही. मग कंपनीची पोरं येतात आणि गच्चीवरून एकेक वायर खाली सोडतात. वर्षभरात दर्शनी भिंतीवर जाळं होतं. नंतरच्या बहुतेक तक्रारी त्या जाळ्यातूनच येतात, कारण रस्त्यातली मुख्य केबल एकदा नीट पुरली की सहसा काही म्हणत नाही.

सुरुवातीलाच एक साधी परीक्षा. कंपनीने जिन्यात किंवा गच्चीवर बॉक्ससाठी विजेचा पॉइंट मागितला, तर फायबर तुमच्या घरापर्यंत येत नाहीये. ते इमारतीपर्यंत येणार, तिथे स्विच बसणार आणि पुढे घरात लॅन केबल जाणार. या पद्धतीत स्विचची लाइट गेली की पूर्ण विंगचं नेट जातं, तांब्याच्या केबलला 100 मीटरची मर्यादा पडते आणि जूनच्या पहिल्या वळवाच्या गडगडाटात गच्चीवरचे स्विच जळतात. खऱ्या एफटीटीएचमध्ये, म्हणजे थेट घरापर्यंत फायबर आणणाऱ्या पद्धतीत, कंपनीच्या केंद्रातल्या ओएलटी या उपकरणापासून घरातल्या ओएनटी या डब्यापर्यंत मध्ये वीज लागतच नाही. वाटेत असतो तो स्प्लिटर, म्हणजे येणारा उजेड वाटून देणारा काचेचा तुकडा. त्याला ना अ‍ॅडॉप्टर लागतो, ना पंखा.

आता एक ठरावीक सोसायटी धरू. चार विंग, प्रत्येकी सात मजले, मजल्यावर चार फ्लॅट. विंगला 28 आणि एकूण 112 घरं. पुण्या-ठाण्याकडे असा नमुना पावलोपावली सापडतो. प्रत्येक विंगमध्ये 1:16 चे, म्हणजे एका फायबरचा उजेड सोळांत वाटणारे, दोन स्प्लिटर बसवले की 32 टोकं मिळतात. त्यातली 28 वापरात आणि 4 शिल्लक. शिल्लक टोकं हवीतच, कारण एखादं टोक खराब झालं की पूर्ण स्प्लिटर बदलत बसण्यापेक्षा ड्रॉप, म्हणजे बॉक्सपासून घरात जाणारा केबलचा तुकडा, शेजारच्या टोकावर हलवता येतो. चार विंगचे मिळून असे आठ स्प्लिटर. त्यांना गेटजवळच्या बॉक्समधल्या 1:4 च्या दोन स्प्लिटरमधून उजेड द्यायचा. म्हणजे ओएलटीचे दोन पॉन पोर्ट (फायबर लावायची तोंडं) लागले आणि प्रत्येकावर 56 घरं आली. जीपॉन या प्रकारच्या जाळ्यात एका पोर्टवर घराकडे येणारा वेग साधारण 2.5 गिगाबिट आणि उलट दिशेचा 1.25 गिगाबिट असतो, तो या 56 घरांत वाटला जातो. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, म्हणून हे गणित जमतं.

उजेडाचा हिशेबही कामाआधीच कागदावर मांडावा. 1:4 मध्ये सुमारे 7.2 डीबी (उजेडाची घट, म्हणजे लॉस मोजायचं एकक) आणि 1:16 मध्ये 13.8 डीबी जातात, म्हणजे स्प्लिटरचेच 21 झाले. ओएलटीपासून 3 किलोमीटर केबल, किलोमीटरला 0.35 धरून 1.05. सहा जॉइंट, प्रत्येकी 0.1 प्रमाणे 0.6. पाच कनेक्टर, प्रत्येकी 0.3 प्रमाणे दीड. बेरीज 24.15. बी प्लस वर्गाच्या उपकरणांना 28 डीबीपर्यंतचा लॉस चालतो, म्हणजे हातात पावणेचारच्या आसपास उरले. ही उरलेली शिल्लक पुढच्या दहा वर्षांत तुटणाऱ्या केबलचे जॉइंट, धूळ आणि वळणं यांच्यासाठी आहे. बसवतानाच ती खाऊन टाकली, तर पहिल्या पावसाळ्यापासून ओएनटीवरचा, उजेड पोचत नसल्याचं सांगणारा लाल दिवा पाठ सोडत नाही.

केबल ऑपरेटरकडे आणखी एक पद्धत दिसते. समान वाटणाऱ्या स्प्लिटरऐवजी 90:10, 80:20, 70:30 असे कपलर एकामागे एक लावत ते गल्लीभर जातात. लांबलचक आळीत, जिथे घरं रांगेत आहेत, तिथे त्यात केबल वाचते. सोसायटीच्या इमारतीत मात्र आम्ही तिच्या बाजूने नाही. एका कपलरचं टोक ढिलं झालं की पुढची सगळी घरं आंधळी होतात, आणि दोष नेमका कुठे आहे ते शोधायला प्रत्येक कपलरपाशी मीटर लावत चालावं लागतं.

रस्त्यापासून गेटपर्यंतची खोदाई कंपनीची जबाबदारी. दूरसंचार कायद्याखालचे राइट ऑफ वेचे, म्हणजे केबल नेण्याच्या वाटेच्या हक्काचे, नवे नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू आहेत आणि महापालिकेची परवानगी कंपनीनेच काढायची असते. पावसाळ्यात रस्ता खोदू देत नाहीत, त्यामुळे एप्रिलमध्ये पक्कं न केलेलं काम सरळ दिवाळीला जातं. खोदणाऱ्याने आधी खालच्या सेवांच्या मालकांना कळवावं यासाठी केंद्र सरकारने मार्च 2023 मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' अ‍ॅप आणलं. तुमच्या आवारातली पाण्याची, ड्रेनेजची आणि मीटर रूमकडे जाणारी लाइन मात्र कुठल्याच अ‍ॅपमध्ये नसते. त्यासाठी जुना वॉचमन किंवा प्लंबर चर खोदताना उभा हवा.

आवारात दीड ते दोन फूट खोल चर पुरतो. त्यात 40 मि.मी.चा एचडीपीई पाइप टाका, आणि एकाच्या जागी दोन टाका. मजुरी खोदाईची असते, पाइपची किंमत त्यापुढे किरकोळ. रिकाम्या पाइपमध्ये नायलॉनची दोरी ओढून ठेवा, म्हणजे पुढे दुसरी कंपनी आली तर पेव्हर ब्लॉक पुन्हा उचकटायला नकोत. पाइपवर वाळू, त्यावर विटांचा थर किंवा इशाऱ्याची पट्टी, मग माती. काटकोनात वळायचं असेल तिथे चेंबर करा आणि त्यात केबलची पाच-सात मीटरची गुंडाळी ठेवा. केबल तुटली तर जोडायला लांबी तिथूनच मिळते. पाइपची दोन्ही टोकं बुजवायला विसरू नका. उघड्या पाइपातून आवारातलं पाणी थेट मीटर रूममध्ये उतरतं, आणि उंदरांनाही तीच वाट सोयीची पडते. जमिनीखाली उंदीर असणारच असं धरून पोलादी पत्र्याचं कवच असलेली आर्मर्ड केबल घ्यावी. ते कवच धातूचं, म्हणून विंगच्या बॉक्सपाशी त्याचं अर्थिंग करायचं आणि तिथेच ते संपवायचं. घराकडे धातू नेऊ नये. प्रत्येक विंगला प्रत्यक्षात दोनच कोअर (फायबरचे धागे) लागतात, तरी सहा कोअरची केबल टाकावी.

आता डक्ट. जुन्या इमारतीत डक्ट म्हणजे संडास-बाथरूमचे पाइप उतरतात ती अंधारी खिंड. तिथे ओल, गळती आणि घुशी सगळं असतं आणि प्लंबर पाना घेऊन उतरला की वाटेत येईल ते ओढतो. तिथून फायबर नेऊ नका. मीटरच्या शाफ्टमध्ये जागा असेल तर विजेच्या केबलपासून वेगळ्या पाइपातून न्या. काहीच नसेल तर जिन्याच्या भिंतीवरून तळापासून वरपर्यंत 32 मि.मी.चा पीव्हीसी पाइप सरळ चढवा आणि प्रत्येक मजल्याच्या चौकात त्याला एक जंक्शन बॉक्स द्या.

तो पाइप पुरेल का, हेही मोजून बघता येतं. घरात जाणारी चपटी ड्रॉप केबल 2 बाय 3 मि.मी. असते, म्हणजे छेद 6 चौरस मि.मी. अशा 28 केबलचे झाले 168. पाइपचा आतला व्यास साधारण 28 मि.मी. धरला तर छेद 615 च्या घरात, म्हणजे पाइप जेमतेम सव्वीस-सत्तावीस टक्के भरतो. चाळीस टक्क्यांपर्यंत केबल सुखाने ओढता येते. बाहेर लटकवायची पोलादी तारवाली केबल 2 बाय 5 असते. तीच स्टोअरमध्ये पडून आहे म्हणून आत वापरली, तर 280 चौरस मि.मी. होतात, पाइप चाळिशी ओलांडतो आणि विसाव्या केबलनंतर मंडळी ओढाताण सुरू करतात. आधी टाकलेल्या केबलची सालं निघतात ती तेव्हा. विजेच्या दृष्टीनेही ती तार इमारतीत फिरवणं बरं नाही. बाहेरून आलेली तारवाली केबल भिंतीवरच्या हुकाला अडकवायची, तार तिथेच कापायची आणि फक्त चपटा भाग आत घ्यायचा.

ड्रॉपची सरासरी लांबी 35 मीटर धरली तर 112 घरांना 3,920 मीटर लागतात. वर दहा टक्के धरले की 4.3 किलोमीटर, म्हणजे एक किलोमीटरचे पाच ड्रम. घेताना केबलवर जी.657 ए1 किंवा ए2 छापलेलं आहे का ते वाचा. ए2 ची काच (आतला फायबरचा धागा) 7.5 मि.मी. त्रिज्येच्या वळणापर्यंत तग धरते, ए1 दहापर्यंत. रस्त्यातल्या केबलमधली जी.652 डी ही काच 30 मि.मी.च्या आत वाकवायची नाही. ती उरलेली आहे म्हणून कुणी घरात दाराच्या चौकटीभोवती फिरवली, तर दिसायला सगळं व्यवस्थित आणि मीटरवर पाच-सहा डीबी गायब.

नायलॉन टायचाही तोच प्रकार. पक्कड लावून करकचून आवळलेला टाय काचेला दाबतो. त्या दिवशी रीडिंग ठीक येतं. उन्हाळ्यात प्लास्टिक फुगतं, थंडीत आखडतं आणि लॉस हळूहळू चढत जातो. टाय लावल्यावर केबल बोटाने मागेपुढे सरकली पाहिजे. उभ्या पाइपात प्रत्येक मजल्यावर केबलला आधार द्या, नाहीतर सगळं वजन वरच्या वळणावर येतं.

स्प्लिटरचा बॉक्स गच्चीच्या कठड्यावर नको आणि टाकीच्या ओव्हरफ्लोखाली तर मुळीच नको. पहिल्या मजल्याच्या चौकात, हात पोचेल पण लहान मुलांचा पोचणार नाही अशा उंचीवर, कुलूपवाला बॉक्स बसवा. केबल कायम खालच्या बाजूने आत शिरली पाहिजे. शिरण्याआधी तिला थोडा खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जातं. न वापरलेल्या भोकांना रबरी बुच मारा. ते राहिलं तर दोन महिन्यांत आत पालीची अंडी आणि मुंग्यांची माती, आणि अ‍ॅडॉप्टरच्या तोंडात गेलेली माती कापसाने निघत नाही.

टोकांच्या बाबतीत आमचं मत ठाम आहे: जिथे मशीन नेता येतं तिथे फ्यूजन जॉइंटच करावा, म्हणजे काचेची दोन टोकं वितळवून जोडावीत. फास्ट कनेक्टर स्वस्त पडतो, मशीन लागत नाही आणि पाच मिनिटांत होतो, म्हणून सगळीकडे तोच मारला जातो. त्याच्या आत कारखान्यातून घासून आलेला काचेचा छोटा तुकडा असतो. तुमची कापलेली काच त्याला जाऊन टेकते आणि मधल्या फटीत जेल असतं. काच जिगवर (मापाच्या साच्यावर) दाखवलेल्या लांबीपेक्षा कमी सोललेली असेल तर ती टेकतच नाही. नीट टेकली असेल तर कनेक्टर बंद करण्याआधी मागे काचेला हलकासा बाक आलेला दिसतो. तो दिसला नाही तर बंद करू नका. एकदा वापरलेला कनेक्टर उघडून पुन्हा वापरला की जेलमध्ये कचरा जातो आणि लॉस 0.3 च्या जागी एक-दीड डीबी होतो.

फ्यूजनला मशीन लागतं, पण काम पक्कं होतं. आधी स्लीव्ह, म्हणजे जॉइंट झाकणारी नळी, केबलमध्ये ओवा. जॉइंट झाल्यावर स्लीव्ह टेबलावरच राहिलेली दिसणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. मग 250 मायक्रॉनचं रंगीत कोटिंग स्ट्रिपरने एका दमात काढा, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कागदाने काच पुसा, आणि त्यानंतरच क्लीव्हरने कापा. क्रम उलटला की कापलेल्या तोंडाला मळ लागतो. मशीनच्या पडद्यावर दोन्ही तोंडं सरळ आणि स्वच्छ दिसली पाहिजेत. एक कोपरा तुटलेला दिसला तर पुन्हा कापा, मशीन "चालेल" म्हणालं तरी. जॉइंटचा अंदाजे लॉस 0.05 च्या आत आला की स्लीव्ह मधोमध सरकवून हीटरमध्ये ठेवा. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं कोटिंग स्लीव्हच्या आत गेलंच पाहिजे. उघडी काच बाहेर राहिली तर ट्रेमध्ये वळवताना तुटते. गच्चीवर वाऱ्यात जॉइंट मारू नका. पावसाळ्यात दमट हवेने मशीनचा आर्क (काच वितळवणारी ठिणगी) बदलतो, म्हणून सकाळी काम सुरू करताना आर्क कॅलिब्रेशन करून घ्या.

काचेचे कापलेले तुकडे झाकणाच्या बाटलीत टाका. 125 मायक्रॉनची ही काच फरशीवर दिसत नाही, पण तळपायात शिरली की कळते. रांगणारं बाळ असलेल्या घरात जमिनीवर बसून टोक बनवू देऊ नका. आणि उघड्या टोकात कुणी डोळा लावून उजेड दिसतो का बघत असेल तर त्याला तिथेच थांबवा. ओएलटीकडून येणारा 1490 नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, इजा मात्र करू शकतो.

घरात शिरताना भिंतीला पाडलेलं भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असावं, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून आत येत नाही. एसीच्या पाइपचं भोक असेल तर नवीन पाडूच नका. तयार पॅच कॉर्ड आत ओढायचा विचार असेल तर एससी कनेक्टरचं डोकं सुमारे 9 मि.मी. रुंद आणि चौकोनी असतं, दहाच्या भोकातून ते जात नाही. म्हणून नुसती केबल आत घ्यायची आणि भिंतीवरच्या छोट्या रोझेट बॉक्समध्ये पिगटेलला (एका टोकाला तयार कनेक्टर असलेल्या छोट्या तुकड्याला) जोडायची. फ्लॅटमध्ये टीव्हीची जुनी कोअ‍ॅक्स केबल लपलेल्या पाइपातून गेलेली असते. ती हाताने मागेपुढे हलत असेल तर तिलाच फायबर बांधून ओढता येतं. गाठ निमुळती करा, वर टेप गुंडाळा, शंखजिऱ्याची पावडर लावा. हलत नसेल तर नाद सोडा आणि केसिंग पट्टी वापरा. विजेच्या पाइपातून फायबर ओढू नका. इलेक्ट्रिशियन पुढच्या वेळी तारेसोबत तेही ओढून काढतो.

कनेक्टरचा रंग बघा. हिरवा म्हणजे एपीसी, ज्याचं तोंड आठ अंशांनी तिरकं घासलेलं असतं. निळा यूपीसी, तोंड सरळ. दोघांचा आकार सारखा, एकमेकांत बसतातही, पण मध्ये फट राहते. काही डीबी जातात आणि उजेड उलटा परावर्तित होतो. दुकानातून आणलेली निळी पॅच कॉर्ड हिरव्या अ‍ॅडॉप्टरमध्ये खुपसणं, हे "काल घर आवरलं आणि नेट गेलं" या तक्रारीचं नेहमीचं कारण.

ओएनटी कुठे ठेवायचा यावर फार लिहीत नाही. शोकेसच्या आत, टीव्हीच्या मागे किंवा दारामागच्या पत्र्याच्या पेटीत नको. थ्री बीएचकेत एकाने भागत नाही, तेव्हा आतल्या बेडरूमपर्यंत एक कॅट सिक्स आत्ताच टाकून ठेवा.

काम झालं म्हणजे ओएनटीचा दिवा हिरवा लागला, असं समजू नका. पॉवर मीटर 1490 नॅनोमीटरवर लावून ओएनटीत जाणारं टोक मोजायला सांगा. आपल्या हिशेबाने ओएलटीतून +3 डीबीएम (उजेडाची ताकद मोजायचं एकक) निघाले तर घरात −21 च्या आसपास यायला हवेत. −15 ते −24 मध्ये असेल तर छान. −25 ला आम्ही काम पास करत नाही, कारण बी प्लस ओएनटीची मर्यादा −27 आहे आणि मध्ये दोनच डीबी उरतात. उलट टोकालाही भिंत आहे: −8 पेक्षा जास्त उजेड आला तर ओएनटी दिपतो आणि तेव्हाही नेट चालत नाही. सोसायटीच्या तळघरातच ओएलटी ठेवून थोडी घरं जोडली तर असं होतं, आणि मग मध्ये उजेड कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर टाकावा लागतो.

तेच टोक 1310 आणि 1550 या दोन्हींवर प्रकाशस्रोत लावून मोजलं आणि 1550 ला लॉस बराच जास्त आला, तर कुठेतरी केबल मुडपली आहे. मळलेल्या कनेक्टरला दोन्हीकडे साधारण सारखा लॉस येतो. ज्या ऑपरेटरचा टीव्हीही त्याच फायबरवरून 1550 नॅनोमीटरवर येतो, तिथे मीटरही लागत नाही. चित्राचे चौकोन पडतात आणि नेट मात्र चालू असतं, तेव्हा सरळ वळण शोधायला निघावं. लाल लेझर पेन लावलं की मुडपलेल्या जागी पांढऱ्या केबलमधूनही लाल ठिपका झिरपताना दिसतो. काळ्या केबलमधून तो दिसत नाही, म्हणून घरातली ड्रॉप पांढरी घेतलेली बरी.

एका घरात लाल दिवा असेल तर दोष त्या घराच्या ड्रॉपमध्ये. पूर्ण विंगमध्ये असेल तर विंगच्या बॉक्सपासून मागे. आणि लाल दिवा कुठेच नाही, तरी 56 घरांचं नेट एकदम ये-जा करतंय, तर एखादा बिघडलेला ओएनटी आपली पाळी सोडून सतत उजेड फेकत असण्याची शक्यता मोठी. बाकीच्यांचा आवाज ओएलटीपर्यंत पोचतच नाही. त्यावर उपाय एकच: बॉक्समधली टोकं एकेक करून काढत जायची. ज्याचं काढल्यावर बाकीचे ताळ्यावर येतात, तो गुन्हेगार.

म्हणून बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट केलेला तक्ता हवाच: स्प्लिटरचं टोक क्रमांक 1 ते 32, पुढे फ्लॅट नंबर, बसवल्या दिवशीचं रीडिंग आणि तारीख. प्रत्येक ड्रॉपच्या दोन्ही टोकांना फ्लॅट नंबरचं लेबल. मार्करने लिहिलेलं उन्हाळ्यात पुसलं जातं, छापील लेबल घ्या. याची एक प्रत सोसायटीच्या ऑफिसात राहू द्या. कंपनीशी करार करताना पाइप आणि बॉक्स सोसायटीच्या मालकीचे राहतील आणि दुसऱ्या कंपनीला मज्जाव नसेल, हे लिहून घ्या. दूरसंचार नियामक ट्रायने इमारतींच्या डिजिटल कनेक्टिव्हिटीच्या मानांकनाचे नियम 2024 मध्ये काढले आहेत, त्यामुळे नवा बिल्डर आता हा विषय अगदीच झटकून टाकू शकत नाही.

केबल सर्वांत जास्त तुटतात त्या रंगकामात. परांचीवर लटकलेला रंगारी भिंतीवरची लोंबती केबल कापतो, कारण त्याला तिच्याखाली रंग द्यायचा असतो. रंगाच्या कंत्राटात दोन ओळी टाका: फायबर कापायची नाही, आणि कापली गेली तर जॉइंटचा खर्च कंत्राटदाराचा. काम सुरू व्हायच्या आठवडाभर आधी ऑपरेटरला बोलावून बाहेरून गेलेल्या ड्रॉप जिन्यातल्या पाइपात घेता येतात का ते बघा. नव्या ड्रॉपचं रीडिंग जसं घेतात तसंच या हलवलेल्या प्रत्येक ड्रॉपचंही घ्यावं लागेल, आणि तक्त्यात नवी तारीख पडेल.